गरम पिकअप वीस मिनिटं उभी राहिली की स्टार्टच होईना

सकाळी थंड इंजिनला चावी फिरवली की गाडी लगेच सुरू. सेकंदभराच्या वर सेल्फ मारावा लागत नव्हता. तासभर चालवून थांबवली, माल उतरवला, पंधरा-वीस मिनिटांनी परत बसलो की सुरू झाला त्रास. सेल्फ फिरतोय, इंजिन फिरतंय, पण पकडतच नाही. दहा सेकंद, बारा सेकंद, मग थोडं थांबून परत, आणि मग कुठेतरी एकदाची सुरू व्हायची. एकदा सुरू झाली की काही नाही, वेग व्यवस्थित घेते, धूर नाही, मिसिंग नाही, चढाला ताकद पूर्ण. दीड-दोन तास उभी राहून गार झाली की परत पहिल्यासारखी. चार सिलेंडरची कॉमन रेल डिझेल पिकअप आहे (पंप डिझेल एका सामायिक जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून भरतो आणि तिथून इंजेक्टर ते सिलेंडरमध्ये मारतात), रोजच्या कामाची, त्यामुळे दर थांब्यावर हा प्रकार म्हणजे जीव टांगणीला. शेवटी शेवटी मी इंजिन बंदच करत नव्हतो, माल उतरेपर्यंत तशीच चालू ठेवायचो.

यात मला सगळ्यात जास्त वेळ कशाने लागला ते आधी सांगतो. गाडी मी गॅरेजला सकाळी नेऊन लावायचो, मिस्त्री दुपारी बॉनेट उघडायचे, तोवर इंजिन गार. चावी मारली की लगेच सुरू. "दादा, गाडी तर एक नंबर आहे," असं दोनदा ऐकून परत आलो. मिस्त्री खोटं बोलत नव्हते, त्यांच्यासमोर गाडी खरंच नीट सुरू होत होती. दोष गरम असतानाच दिसणार होता आणि तपासणी प्रत्येक वेळी थंड गाडीची होत होती. हे डोक्यात आल्यावर ठरवलं की आता जे काही मोजायचं ते गाडी त्रास देत असतानाच मोजायचं, आणि थंड असताना तेच परत मोजून शेजारी लिहायचं. एक छोटी वही गाडीत ठेवली. किती वेळ चालवली, किती मिनिटं उभी होती, किती सेकंद सेल्फ मारला, एवढंच लिहायचं.

आठवडाभराच्या वहीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. बंद करून लगेच मिनिटभरात परत चावी मारली तर पाच-सहा सेकंद लागत होते, वीस मिनिटांनी मारली तर चौदा. म्हणजे सगळ्यात वाईट वेळ बंद केल्या केल्या नव्हती, थोड्या वेळाने होती. याला कारण आहे, इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, समोरून हवा येत नाही, आणि ब्लॉक आणि हेडमधली उष्णता बाहेर येऊन आजूबाजूच्या सगळ्या गोष्टी तापवते, पंप, रेल, सेन्सर, सेल्फ, वायरिंग, सगळं. चालू गाडीपेक्षा बंद केलेल्या गाडीचं बॉनेट पंधरा-वीस मिनिटांनी जास्त तापलेलं असतं. त्यामुळे संशयित तेच, जे उष्णतेने बिघडतं.

पहिली चूक बॅटरीची. सगळे म्हणाले बॅटरी, मीही बदलली, फरक शून्य. बदलण्याआधी मल्टीमीटर लावला असता तर कळलं असतं. जुनीच बॅटरी उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट दाखवत होती आणि सेल्फ मारताना १०.४ च्या खाली येत नव्हती, गाडी थंड असो की गरम. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा असते, इथे तशी नव्हती.

पण मीटर हातात होताच तर एक उपयोगाची गोष्ट सापडली. धाकट्या भावाला चावीवर बसवलं, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (खांबावर, क्लॅम्पवर नाही) आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर स्वच्छ लोखंड बघून धरली, आणि सेल्फ मारायला लावला. मीटरवर ०.७ व्होल्ट. हे शून्याच्या जवळ असायला पाहिजे, ०.२ च्या आसपास असेल तर चालतं. म्हणजे परत येणाऱ्या करंटला वाटेत अडथळा होता. इंजिन ते चॅसी जी अर्थची जाड पट्टी असते ती खोलली तर बोल्टखाली हिरवट-पांढरी पावडर आणि पट्टीच्या टोकाच्या अर्ध्या तारा काळ्या पडून तुटलेल्या. नवी पट्टी, घासून चकचकीत केलेली जागा, परत मोजलं, ०.१५. पॉझिटिव्ह केबलवर आधीच ०.२ होतं, ती ठीक.

याने गाडी सुधारली, पण पूर्ण नाही. चौदा सेकंदांचे नऊ-दहा झाले. इथे माझा गोंधळ झाला, कारण दुरुस्तीने फरक पडला म्हणजे दोष सापडला असं वाटलं होतं आणि दोन दिवस मी तसंच समजून चाललो. उलट दोष दोन होते, एक दुसऱ्यावर चढलेला. सेल्फ जोरात फिरला की डिझेल पंपही जोरात फिरतो, आणि जे खरं दुखणं होतं ते थोडं झाकलं जात होतं.

मग एका ओळखीच्या मिस्त्रींचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला जोडून आतले आकडे वाचायचं यंत्र, मागून आणला. फॉल्ट कोड एकही नव्हता. कोड नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी गाडी परत देतात, पण कोड कधी लागतो, तर एखादं माप ठरवलेल्या हद्दीच्या बाहेर ठरावीक वेळ गेलं तर. हद्दीच्या अलीकडे रखडत असेल तर कंप्युटर गप्प बसतो. म्हणून कोड बंद करून लाइव्ह डेटा उघडला आणि तीनच आकडे स्क्रीनवर ठेवले, इंजिनचा आरपीएम, पाण्याचं तापमान आणि रेल प्रेशर.

आरपीएम आधी, कारण गरम झाल्यावर गाडी सुरू होत नाही म्हटलं की सगळे क्रँक सेन्सरवर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते कंप्युटरला सांगणारा) बोट ठेवतात, आणि बऱ्याच गाड्यांत ते खरंही असतं. क्रँक सेन्सर गरम होऊन मेला तर सेल्फ फिरतोय तरी स्कॅनरवर आरपीएम शून्य किंवा उड्या मारणारा दिसतो. माझ्याकडे गरम इंजिनला सरळ २२५ दाखवत होता. तरी मनातली शंका काढायला सेन्सरचा सॉकेट काढून रेझिस्टन्स मोजला (दोन वायरचा, कॉइलवाला सेन्सर आहे). थंड असताना ८६० ओहम, गरम असताना १०९०. क्षणभर वाटलं सापडला. पण तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतोच, सत्तर अंशांचा फरक म्हणजे पाव-सव्वा टक्का नाही तर चांगली सत्तावीस टक्के वाढ. ८६० चे १०९० हे अगदी हिशेबात बसतं. सेन्सर निरोगी. हे गणित माहीत नसतं तर मी तो बदलून मोकळा झालो असतो.

पाण्याचं तापमान ८८ अंश, खरं इंजिनही तेवढंच गरम, तेही ठीक.

आणि रेल प्रेशर. इथे मी बघतच राहिलो. थंड गाडीला चावी मारली की आकडा सेकंदभरात ३५० बारवर आणि गाडी सुरू. गरम गाडीला चावी मारली तर ९०, ११०, १२०, १४०, मुंगीच्या पावलाने वर जातोय, मध्येच परत १३० होतोय, आणि नवव्या सेकंदाला कुठेतरी दोनशेच्या पुढे सरकला की त्याच क्षणी इंजिन पकडतं. भावाला परत परत सेल्फ मारायला लावून मी तेच बघत होतो, प्रत्येक वेळी तेच. कॉमन रेलमध्ये ठराविक दाब तयार झाल्याशिवाय कंप्युटर इंजेक्टर उघडतच नाही, बहुतेक गाड्यांत हा आकडा दोनशे बारच्या आसपास असतो, गाडीगणिक थोडा पुढेमागे. म्हणजे नऊ सेकंद माझी गाडी डिझेल मारतच नव्हती. सायलेन्सरपाशी उभं राहून खात्री केली, सेल्फ मारताना धुराचा एक पुंजकाही नाही. डिझेल आत जाऊन जळत नसतं तर पांढरा धूर आला असता. धूरच नाही म्हणजे डिझेल आत जातच नाही. ही खूण बघायला स्कॅनरही लागत नाही आणि ती मी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती.

आता प्रश्न एवढाच, की दाब तयार होत नाहीये की तयार झालेला गळतोय.

गरम झाल्यावरच का, याचं उत्तर डिझेलमध्ये आहे. डिझेल तापलं की पातळ होतं. ४० अंशांना त्याचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटीस्टोक असतो, ८० अंशांच्या पुढे गेलं की तो जवळपास निम्म्यावर येतो. पंपाच्या आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या असतात, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक. त्या जरा झिजल्या की थंड, जाडसर डिझेल तिथे अडतं आणि गरम, पातळ डिझेल निसटून जातं. चालू इंजिनला पंप इतका जोरात फिरतो की निसटलेलं भरून निघतं, म्हणून चालताना काही कळत नाही. सेल्फवर इंजिन फक्त दोनशे-सव्वादोनशे आरपीएमला फिरतं, तेव्हा पंपाकडे तेवढं डिझेलच नसतं.

आधी कमी दाबाची बाजू बघून घेतली कारण ती स्वस्तात बघता येते. फिल्टर नवा टाकला, पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा बसवला आणि सेल्फ मारताना बुडबुडे येतात का बघितलं. एकही नाही. गाडी एअर घेत नव्हती.

मग मिस्त्रींनी ओल्या फडक्याचा प्रयोग सुचवला, जुना आणि सगळ्यांना माहीत असलेला. गरम गाडी सुरू होत नाही ना, मग पंपावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवायचं, दहा मिनिटांनी चावी मारायची. केलं, आणि गाडी तीन सेकंदांत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तेवढीच दहा मिनिटं फडक्याशिवाय थांबून बघितलं तर परत नऊ सेकंद, म्हणजे करामत फडक्याचीच. मिस्त्री म्हणाले, "पंप गेला दादा, खोलायला घेऊ."

मी थांबवलं. हाय प्रेशर पंप म्हणजे सगळ्या डिझेल सिस्टीममधली सगळ्यात महाग गोष्ट, आणि मला तो पुरावा पुरेसा वाटेना. पंप गार केला म्हणजे त्यातून पुढे जाणारं डिझेलही गार झालं, आणि तेच गार डिझेल रेलमधून इंजेक्टरलाही गेलं. मग पंप गळत असला तरी फडक्याने फरक पडणार आणि इंजेक्टर गळत असला तरी पडणार. फडक्याने एवढंच सिद्ध झालं की दोष गरम पातळ डिझेलचा आहे, तो कुठून निसटतोय ते फडकं सांगू शकत नाही. मिस्त्रींना हे पटायला थोडा वेळ लागला, पण पटलं, आणि मग त्यांनीच रिटर्न मोजायची तयारी केली.

इंजेक्टर जे डिझेल आत मारत नाही आणि आतल्या आत गळवतो ते वरच्या बारीक रिटर्न नळीने टाकीकडे परत जातं. त्या नळ्या चारही इंजेक्टरवरून काढल्या, त्यांच्या जागी चार सारख्या नळ्या लावून माप छापलेल्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या, टाकीकडे जाणाऱ्या मूळ लाइनचं तोंड बंद केलं. एक सांगून ठेवतो, हे माझ्या गाडीत सोलेनॉइडचे इंजेक्टर आहेत म्हणून असं करता आलं, काही पिझो इंजेक्टरांना रिटर्न लाइनमध्ये ठरावीक दाब लागतो, त्यांना ही बाटल्यांची पद्धत चालत नाही. आणि हाय प्रेशरच्या लोखंडी पाइपला इंजिन चालू असताना कधीच पाना लावू नये. लोडवर रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या पुढे दाब असतो, बारीक धार कातडी फोडून आत जाते आणि वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण ती थेट हॉस्पिटलची केस असते.

आधी थंड मोजलं. तीन मिनिटं आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू), बाटल्यांत २२, २४, ४१ आणि २३ मिली. तिसरी जरा जास्त, पण मिस्त्री म्हणाले एवढं जुन्या गाडीत चालतं. तिथेच थांबलो असतो तर पंप खोलला गेला असता.

गाडी चाळीस मिनिटं चालवून आणली, वीस मिनिटं बॉनेट बंद ठेवून उभी केली, मग त्याच चार बाटल्या रिकाम्या करून लावल्या. आयडलची वाट न बघता आधी फक्त सेल्फ मारला, दहा सेकंद. पहिली, दुसरी आणि चौथी नळी थेंब थेंब टपकत होती. तिसऱ्या नळीतून धार. अगदी दोऱ्यासारखी बारीक, पण न तुटणारी, आणि डिझेल इतकं पातळ दिसत होतं की पाणीच वाटावं. मी हातात टॉर्च धरून खाली वाकलो होतो आणि बाटलीच्या तळाला ते जमताना बघत होतो. दहा सेकंदांत तिसऱ्यात ७ मिली, बाकीच्यांत मिली-दीड मिली. नंतर गाडी सुरू झाल्यावर तीन मिनिटं आयडल, ३७, ४०, १५० आणि ३८. थंड असताना दुप्पटही नसलेला इंजेक्टर गरम झाल्यावर चौपट गळत होता.

रेलच्या टोकाला जो प्रेशर व्हॉल्व असतो त्याचीही रिटर्न नळी काढून बघितली, कारण तिथूनही असंच निसटू शकतं. कोरडी होती.

तरीही इंजेक्टर काढण्याआधी एक शेवटचं करून घेतलं, कारण एकदा अर्थच्या पट्टीने फसवलं होतं. इंजिन बंद करून दाब पूर्ण उतरू दिला, रेलवरून तिसऱ्या इंजेक्टरचा पाइप काढला आणि तिथे ब्लँक प्लग बसवला, त्या इंजेक्टरचा सॉकेटही काढला. गाडी गरमच होती. भावाने चावी फिरवली, मी स्कॅनरवर नजर ठेवून. सेकंद-सव्वा सेकंदात ३३० बार आणि इंजिन सुरू, तीन सिलेंडरवर लंगडत, हलत, पण सुरू! पंप तोच, त्यावरचा मीटरिंग व्हॉल्व (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) तोच, इंजिन तेवढंच गरम. फक्त तिसरा इंजेक्टर वाटेतून काढला होता. मिस्त्री माझ्याकडे बघून हसले आणि पंपाचा पाना बाजूला ठेवला. इतका आनंद मला गाडी नवी घेतली तेव्हाही झाला असेल की नाही शंका आहे.

पुढचं काम मिस्त्रींचं. इंजेक्टर कार्बनने हेडमध्ये घट्ट बसला होता, तेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी हळूहळू हलवत काढला. बसायची जागा साफ केली, नवा तांब्याचा वॉशर, क्लॅम्पचा नवा बोल्ट, ठरलेल्या टॉर्कला. जुना वॉशर परत टाकला तर खालून गॅस गळतो आणि सहा महिन्यांत परत कार्बन, त्यामुळे तिथे काटकसर करू नये. काढलेला इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावला तर आतला छोटा बॉल ज्या सीटवर बसतो ती सीट खरवडलेली, भिंगातून बघितली तर बारीक चरा एका बाजूने बाहेरपर्यंत गेलेला. अशी झीज बहुतेक डिझेलमधल्या बारीक घाणीने आणि पाण्याने होते. माझ्या फिल्टरखालचा पाण्याचा नळ मी कितीतरी महिने उघडला नव्हता, उघडला तेव्हा आधी पाणीच आलं.

नव्या इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो, तो स्कॅनरने कंप्युटरमध्ये टाकावा लागतो, कारण प्रत्येक इंजेक्टर किंचित वेगळा मारतो आणि तो फरक त्या कोडमध्ये असतो. बरेच लोक हे करत नाहीत आणि मग आयडलला गाडी थरथरते म्हणून परत येतात. बाकीचे तीनही इंजेक्टर बेंचवर बघून घेतले, दुसरा हद्दीच्या आत आहे पण काठावर, तो तसाच ठेवला.

पकडत नसताना एक-दोघांनी एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारायला सांगितला होता. मी मारला नाही आणि डिझेलला कुणी मारू नये, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला सिलेंडर आतून तापवणारे) तापलेले असतील तर तो आतच नको त्या वेळी पेटतो, पिस्टन आणि रिंगांची वाट लागते, आणि डिझेलला दाब का मिळत नाही हा प्रश्न तसाच राहतो.

दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी मुद्दाम लांब चालवून आणली, बंद केली, घड्याळ लावून वीस मिनिटं शेजारी उभा राहिलो. चावी मारली, एक सेकंद आणि थोडं वर, रेल प्रेशर ३६०. वहीत लिहिलं. पुढचे दहा दिवस प्रत्येक थांब्याला लिहीत गेलो, एकदाही दीड सेकंदाच्या वर गेली नाही. आता माल उतरताना इंजिन बंद करतो. फिल्टरचा नळ दर पंधरा दिवसांनी उघडतो, आणि दुसऱ्या इंजेक्टरची बाटली दर सहा महिन्यांनी गरम इंजिनला मोजायची असं मिस्त्रींशी ठरलंय, पहिलं माप ४० मिली, वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसकट लिहून ठेवलंय.